चित्रातला ठिपका उलट्या बाजूला आहे

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी आपल्या आरोग्य पुरवणीत मळमळ थांबवणाऱ्या एका चिनी बिंदूवर, म्हणजे ॲक्युपंक्चरमध्ये सुई टोचतात किंवा दाब देतात अशा जागेवर, अर्ध्या पानाचा लेख आला होता. बिंदूचं नाव नेइगुआन. सोबत हाताचं मोठं रंगीत चित्र आणि त्यावर लाल ठिपका. त्या लेखात दुरुस्ती हवी, म्हणून हे पत्र. दुरुस्ती आपणहून येईल या आशेवर मी तीन रविवार थांबले. शब्दकोड्यातली चूक आपण लगेच सुधारता, त्यामुळे आशेला जागा होती.

खरं सांगायचं तर लेख मी तेव्हा वाचलाच नव्हता. चौतीस वर्षं भूल देण्यात गेली. निवृत्तीनंतर आरोग्याची पानं वाचून स्वतःचा रक्तदाब वाढवून घेण्याची मला हौस नाही. कोडं सोडवायचं आणि पुरवणी रद्दीत टाकायची, असा माझा रविवार. पण त्याच आठवड्यातल्या गुरुवारी माझी धाकटी जाऊ घरी आली. तिला स्तनाचा कर्करोग आहे, डाव्या बाजूची शस्त्रक्रिया झाली आहे आणि आदल्या शनिवारी केमोथेरपीचं दुसरं सत्र झालं होतं. खुर्चीत बसली, डावी बाही वर केली आणि हात पुढे धरला. मनगटाच्या वर, हाताच्या मागच्या बाजूला, बॉलपेननं गिरवलेलं निळं वर्तुळ होतं. त्यावर शर्टाचं बटण, आणि बटणावर घट्ट ओढून बसवलेलं रबर. रबराखालची कातडी लाल झालेली.

“चार दिवस दाबतेय ताई,” ती म्हणाली. “काही फरक नाही. माझंच काहीतरी चुकत असेल.”

त्या शेवटच्या वाक्यानं माझं डोकं फिरलं. तिचं काहीही चुकलं नव्हतं. तुमच्या चित्रात दाखवलं होतं तसंच तिनं केलं होतं.

चित्रात डावा हात आहे आणि तळवा खाली आहे. म्हणजे दिसतं आहे ते हाताचं मागचं अंग, आपण मनगटी घड्याळाची तबकडी बांधतो ती बाजू. नेइगुआन तिथे नाहीच. तो आहे घड्याळाचं बक्कल येतं त्या बाजूला, तळव्याकडच्या अंगाला. गंमत अशी, की लाल ठिपका दिला आहे तिथेही एक बिंदू आहे आणि त्याचं नाव वाइगुआन. चिनीत ‘नेइ’ म्हणजे आतला, ‘वाइ’ म्हणजे बाहेरचा, आणि ‘गुआन’ म्हणजे नाका, खिंडीतला पहाऱ्याचा दरवाजा. आतला नाका आणि बाहेरचा नाका हातात अगदी समोरासमोर आहेत, मध्ये फक्त हाताची जाडी. चित्रकारानं आतल्या नाक्याची पाटी बाहेरच्या नाक्यावर लावली. बाहेरच्या नाक्याची वाहिनी (चिनी वैद्यकानं मानलेली, बिंदूंना जोडणारी अंगातली वाट) वेगळी, परंपरेनं दिलेली कामं वेगळी, आणि मळमळीवर जी काही तपासणी झाली आहे ती जवळजवळ सगळी आतल्या नाक्याची आहे.

दुसरी चूक मजकुरातली. “मनगटापासून पाच सेंटीमीटर वर,” असं छापलं आहे. हे वाचलं आणि मी शिवणाच्या डब्यातली टेप काढली. चिनी वैद्यकात बिंदूंची अंतरं सेंटीमीटरमध्ये नसतात, ‘त्सुन’मध्ये असतात, आणि त्सुन हे माप ज्याचं त्याच्या अंगावर असतं. माझा एक त्सुन तुमच्यापेक्षा वेगळा. आपल्याकडे अंगुळ म्हणत तसंच हे. अंगठ्याच्या सांध्यापाशी जी रुंदी ती एक त्सुन, तर्जनीपासून अनामिकेपर्यंतची तीन बोटं जुळवली की दोन, आणि करंगळीही घेतली की तीन. मनगटाच्या घडीपासून कोपराच्या घडीपर्यंतचा हात म्हणजे बारा त्सुन, मग तो हात बाळाचा असो नाहीतर पैलवानाचा. नेइगुआन मनगटाच्या घडीपासून दोन त्सुनांवर आहे, म्हणजे त्या लांबीच्या एक षष्ठांशावर.

जावेचा हात मी मोजला: 21 सेंटीमीटर. सहावा भाग साडेतीन. माझा 24 भरला, म्हणजे चार. दारातून डोकावणारा उंच पुतण्या हाताशी होताच, त्याचा साडेअठ्ठावीस. त्याचाही बिंदू पाऊण सेंटीमीटर कमी पाचावर येतो असं मी आधी म्हणाले, मग त्यानंच भागाकार करून दाखवला की पाव सेंटीमीटर कमी. असो. मुद्दा असा, की घरातला सगळ्यात लांब हात घेतला तेव्हा कुठे तुमचे पाच सेंटीमीटर जेमतेम जवळ आले. जावेच्या हातावर पाच सेंटीमीटर मोजले तर जवळजवळ तीन त्सुन होतात, आणि तीन त्सुनांवर त्याच वाहिनीचा पुढचा बिंदू आहे, जिआनशी. म्हणजे तिनं हात उलटा करून योग्य बाजू शोधली असती, तरी ती शेजारच्याच घराची कडी वाजवत बसली असती.

बोटं मोजतानाही एक खबरदारी लेखात हवी होती. ज्याच्या हातावर शोधायचं, बोटंही त्याचीच. माझे दीर बायकोला मदत म्हणून स्वतःची तीन बोटं तिच्या मनगटावर ठेवून जागा दाखवत होते. त्यांची तीन बोटं म्हणजे तिची जवळजवळ चार!

जागा अशी शोधावी. एका हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका जुळवून दुसऱ्या हाताच्या मनगटावर तळव्याकडच्या बाजूनं आडवी ठेवायची. अनामिकेची कड मनगटाच्या घडीला टेकलेली हवी. तर्जनीच्या वरच्या कडेशी अंगठा ठेवायचा आणि मूठ हलकीशी वळून मनगट आत वाकवायचं. मध्यावर दोन दोऱ्यांसारख्या कंडरा, म्हणजे टेंडन, उठून दिसतात. त्यांच्या मधल्या पन्हाळीत अंगठा बसला की नेइगुआन सापडला. तिथे दाबल्यावर बोथट, जडशी कळ येते. बोटांकडे झिणझिणी धावली तर दाब कमी करावा, कारण त्या पन्हाळीच्या तळाशी मीडियन नर्व्ह आहे. अंगठ्यापासून अनामिकेच्या अर्ध्या भागापर्यंतची संवेदना तीच सांभाळते. घरी सुई टोचण्याचे प्रयोग करू नयेत, ते याचसाठी.

आता ‘दोन कंडरांच्या मधोमध’ या सूचनेवर माझं एक जुनं, खाजगी भांडण आहे. माझ्या डाव्या हातात दोन कंडरा नाहीतच. एकच आहे. शवविच्छेदनाच्या वर्गात पहिल्या वर्षी आम्हाला पामॅरिस लाँगस नावाचा सडपातळ स्नायू दाखवला आणि शिक्षक म्हणाले, आता आपापल्या हातात शोधा. अंगठा आणि करंगळीची टोकं जुळवायची, मनगट आत वाकवायचं, की मधोमध ती कंडरा तटकन वर येते. सगळ्यांच्या आल्या. माझ्या उजव्या हातावर आली, डाव्यावर नुसती सपाट कातडी. “तुला एक भाग कमी पाठवलाय,” असं चिडवणं वर्षभर पुरलं. पुढे कळलं, की ढोबळमानानं सातातल्या एका माणसाला निदान एका हातात ती नसते, वंशागणिक हे प्रमाण बरंच बदलतं, आणि नसल्यानं काही अडत नाही. इतकं अडत नाही, की हाताचे शल्यचिकित्सक दुसरीकडची तुटलेली कंडरा जोडायला हीच काढून वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेनं 2008 साली बिंदूंच्या जागांचं जे प्रमाणीकरण छापलं, त्यात माझ्यासारख्यांची सोय केलेली आहे: ती कंडरा नसेल तर अंगठ्याकडची जी दुसरी कंडरा उरते, तिच्या करंगळीकडच्या कडेला बिंदू धरावा. त्या ग्रंथात 361 बिंदू आहेत, आणि सहांच्या बाबतीत तज्ज्ञांचं एकमत झालं नाही. त्या सहांतले दोन याच वाहिनीवरचे आहेत, एक तळहातातला आणि एक मधल्या बोटाच्या टोकाचा. नेइगुआनबद्दल मात्र वाद नाही. ज्या बिंदूच्या जागेवर सगळे एकमतानं बोट ठेवतात, नेमका तोच आपण चुकवलात.

मी या बिंदूची भक्त आहे असा समज होऊ नये. उलट आहे. 1986 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातले भूलशास्त्राचे प्राध्यापक जॉन डंडी यांचा छोटासा शोधनिबंध आला. स्त्रियांच्या लहान शस्त्रक्रियांआधी या बिंदूवर सुई दिली, तर नंतरच्या उलट्या कमी होतात, असं त्यात होतं. मी तेव्हा नोकरीत नवी. आमच्या विभागप्रमुखांनी तो निबंध दुपारच्या बैठकीत मोठ्यानं वाचला आणि विचारलं, “आता भुलेबरोबर मनगटंही चेपायची का?” सगळे हसले. मीही हसले, जरा जास्तच.

हसू ओसरलं ते त्याच गटाच्या 1991 सालच्या कामानं. सुई देण्याआधी त्यांनी बिंदूच्या जागी लिग्नोकेन टोचून ती जागा बधिर केली, आणि सुईचा उलटी रोखणारा परिणाम नाहीसा झाला. माझ्यासारख्या माणसाला ही भाषा कळते. बधिर केल्यावर जे थांबतं, ते आधी मज्जातंतूतून चाललेलं असतं. वाहिन्या आणि त्यांतून वाहते म्हणतात ती ‘ची’ नावाची ऊर्जा यांवर माझा विश्वास असो नसो, लिग्नोकेनवर आहे.

उलटीची आमच्या धंद्यातली जागा बाहेरच्यांना कळत नाही. शस्त्रक्रिया उत्तम झालेली असते, टाके सुंदर असतात, रक्तदाब स्थिर असतो आणि रुग्ण रिकव्हरी रूममध्ये ट्रे छातीशी धरून ओकत असतो. दुसऱ्या दिवशी त्याला विचारा. दुखलं हे तो विसरलेला असतो, उलट्या विसरलेला नसतो. नव्या टाक्यांवर पोट आवळून ओकणं म्हणजे काय हे मला माझं पित्ताशय काढलं तेव्हा कळलं. 1999 साली आपफेल या जर्मन भूलतज्ज्ञानं उलटीचा धोका मोजायचे चार सोपे प्रश्न दिले: रुग्ण स्त्री आहे का, धूम्रपान करत नाही का, पूर्वी भुलेनंतर किंवा प्रवासात त्रास झाला आहे का, आणि नंतर अफूवर्गातली वेदनाशामकं लागणार आहेत का. चारही ‘नाही’ असतील तर दहात एकाला त्रास होतो, चारही ‘हो’ असतील तर दहात आठांना. माझे चारही हो. वळणाच्या रस्त्यावर गाडी चौथ्या वळणाला पोचायच्या आत मी खिडकीशी असते. धूम्रपान न करणं हा गुण फक्त याच एका परीक्षेत महागात पडतो, हे मी रुग्णांना कैक वेळा सांगितलं आहे आणि कुणीही हसलेलं नाही.

तर त्या दिवशी मला दोन औषधं दिली होती आणि तरीही मी ओकले. त्यानंतर मी हा विषय नीट वाचायला घेतला. त्याआधी घेतला नाही, याची लाज वाटते.

वाचल्यावर जे हाती लागतं ते तुमच्या लेखातल्यासारखं झगझगीत नाही. 1997 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं ॲक्युपंक्चरवर तज्ज्ञांची परिषद बोलावली. शस्त्रक्रियेनंतरची आणि केमोथेरपीनंतरची मळमळ-उलटी यांवरचे निष्कर्ष आशादायक आहेत, असं त्या परिषदेनं म्हटलं. इतर बऱ्याच दाव्यांवर मात्र ती हात राखून बोलली. 2015 साली कोक्रेन या, उपचारांच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या समीक्षकांनी एकट्या याच बिंदूवरच्या 59 चाचण्या एकत्र केल्या, एकूण 7,667 माणसं. सुई, विजेचा सौम्य प्रवाह, लेझर, बिंदूवर बटण दाबून धरणारा मनगटाचा पट्टा, इतकंच काय, मिरचीच्या अर्काची चिकटपट्टी लावलेल्या चाचण्याही त्यात आहेत. खोट्या उपचाराशी तुलना केली तर मळमळ साधारण एक तृतीयांशानं आणि उलटी चाळीस टक्क्यांनी कमी. सोप्या भाषेत, शंभरातल्या तीस जणांना उलटी होणार असती तर अठरा जणांना झाली. उलटीच्या औषधांशी तुलना केली तर म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. दुष्परिणाम किरकोळ: कातडी लाल होणं, फोड, थोडं दुखणं. आणि त्याच समीक्षेत हेही लिहिलं आहे, की खोट्या उपचाराशी तुलना करणाऱ्या चाचण्यांचा दर्जा कमी आहे.

दर्जा कमी राहतो त्यामागे एक मजेशीर अडचण आहे. गोळीची खोटी गोळी करता येते. सुईची खोटी सुई कशी करणार? टोचलं की नाही हे माणसाला कळतंच. 1998 मध्ये हायडेलबर्गच्या श्ट्राइटबर्गर आणि क्लाइनहेन्त्स यांनी एक बोथट सुई तयार केली. टेकवली की ती नाटकातल्या खंजिरासारखी स्वतःच्याच मुठीत शिरते, रुग्णाला टोचल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात कातडी फुटतही नाही. पण टोचणाऱ्याला ठाऊक असतंच, आणि टोचणाऱ्याचा चेहरा बोथट करायची युक्ती त्या सुईत नव्हती.

केमोथेरपीबाबत लेखात “कर्करुग्णांना वरदान” असे शब्द आहेत. तिथे तर आणखी जपून बोलायला हवं. ब्रिटनमध्ये 500 रुग्णांवर झालेली, 2013 साली प्रसिद्ध झालेली मोठी चाचणी आहे: काहींना खरा पट्टा, काहींना खोटा, काहींना काहीच नाही, आणि उलटीची नेहमीची औषधं सगळ्यांना. गटांमध्ये संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठोस फरक निघाला नाही. मळमळ असलेल्या माणसाला ‘वरदान’ म्हणून बटण द्यायचं आणि मग ते चाललं नाही की दोष त्यानं स्वतःकडे घ्यायचा, हे मी गुरुवारी माझ्या खुर्चीत बसलेलं पाहिलं आहे.

केमोच्या रुग्णांसाठी दोन गोष्टी लेखात हव्याच होत्या, आणि एकही नव्हती. काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्या असतील, तर त्या बाजूच्या हाताला आवळणारं काही बांधू नये. सूज येण्याची भीती असते. जावेच्या डाव्या काखेतल्या काढल्या आहेत. चित्रात डावा हात होता, म्हणून तिनं रबर डाव्या हाताला बांधलं. दुसरं, केमोच्या काळात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरतात, तेव्हा सुई टोचून घ्यायची असेल तर आधी कर्करोगतज्ज्ञाला विचारायचं. आणि उलटीच्या गोळ्या बंद करून बिंदू दाबत बसायचं नाही. जावेनं बंद केल्या नव्हत्या, एवढं नशीब. पण मळमळ चार दिवस टिकली तरी डॉक्टरांना फोन केला नव्हता, कारण “उपाय चालू आहे” असं तिला वाटत होतं.

लेखात जेम्स रेस्टन या अमेरिकी पत्रकाराची 1971 सालची पेकिंगमधली गोष्ट दिली आहे, “फक्त सुयांवर अपेंडिक्सची शस्त्रक्रिया” अशी. भूल देणाऱ्यांना या गोष्टीचा वीट आला आहे. रेस्टनला इंजेक्शनं देऊन कमरेचा भाग बधिर केला होता आणि हे त्यानं स्वतः न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं आहे. सुया आल्या नंतर, पोट फुगून अस्वस्थ वाटू लागलं तेव्हा, आणि त्याही कोपराला आणि गुडघ्याखाली. नेइगुआनचा त्या गोष्टीशी संबंध नाही.

पण हे पत्र ज्या वाक्यासाठी लिहायलाच हवं होतं ते लेखाच्या शेवटी, चौकटीत आहे: छातीत दुखू लागल्यास हा बिंदू जोरानं दाबून धरावा, हृदयाचा रक्तपुरवठा मोकळा होतो.

हे कुठून आलं ते मला कळतं. नेइगुआन ज्या वाहिनीवर आहे ती चिनी वैद्यकात हृदयावरणाची. छातीवर सुरू होऊन मधल्या बोटाच्या टोकाशी संपणारी, अवघ्या नऊ बिंदूंची. लिंगशू या प्राचीन ग्रंथात मनगटापासून दोन त्सुनांवर, दोन कंडरांच्या मधून निघणारा म्हणून याचा उल्लेख आहे, आणि धडधड, छाती भरून येणं, झोप न लागणं, उचकी, ओकारी अशी कामं परंपरेनं त्याच्याकडे दिली आहेत. तिकडे शिकणाऱ्यांना पाठ असणाऱ्या ओळींत ‘छाती आणि काळीज, तर नेइगुआन’ असंही येतं. परंपरेचा अभ्यास म्हणून ते खुशाल लिहा, मी आवडीनं वाचेन. पण हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाची धमनी गुठळीनं बंद झालेली असते आणि तिच्यापुढचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो. ती गुठळी औषधानं विरघळवावी लागते किंवा धमनीत तार घालून वाट करून द्यावी लागते. मनगट दाबून ती हलत नाही. छातीत दुखणाऱ्या माणसाला घरच्यांनी मनगट दाबत अर्धा तास बसवून ठेवलं, तर तो अर्धा तास कुणाच्या खात्यावर मांडायचा? मळमळ आणि घाम हीसुद्धा झटक्याची लक्षणं असतात, हे लक्षात घेतलं तर तुमचा लेख दुहेरी धोक्याचा आहे. मळमळतंय म्हणून माणूस चित्र बघून हात दाबणार, आणि ती मळमळ पोटाची नसणार.

माझी मागणी साधी आहे. दुरुस्ती छापा, आणि लेख होता त्याच पानावर, तेवढ्याच आकारात. आतल्या पानाच्या तळाशी, हवामानाच्या खाली नव्हे. तीत एवढं यावं: बिंदू तळव्याकडच्या बाजूला आहे, अंतर स्वतःच्या तीन बोटांचं आहे, शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर थोडा उपयोग दिसतो, औषधं सोडू नयेत, ज्या बाजूच्या काखेतल्या ग्रंथी काढल्या आहेत त्या हाताला पट्टा नको, आणि छातीत दुखलं तर काहीही न दाबता रुग्णवाहिका बोलवावी. चौकटीतलं ते वाक्य मागे घेतलं आहे, असं स्पष्ट शब्दांत लिहावं. ‘अनवधानानं’ हा शब्द वापरलात तरी चालेल.

माझं नाव छापू नये. छापलंत तर उद्यापासून जिन्यात भेटणारा प्रत्येक जण बाही वर करून मनगट पुढे धरेल.

आपली,
एक निवृत्त भूलतज्ज्ञ

ता. क. जावेचं तिसरं सत्र परवाच्या शनिवारी झालं. डॉक्टरांनी उलटीची गोळी बदलून दिली. उजव्या हातात, योग्य जागी, सैलसर पट्टाही आहे; तो मीच बांधला, तिच्या बोटांनी मोजून. उलटी पहिल्या रात्री एकदाच झाली. श्रेय गोळीचं की बटणाचं, असं दीर विचारत होते. ज्यासाठी 59 चाचण्या कमी पडल्या ते एका जावेवरून कसं सांगणार, असं म्हणून मी त्यांना पट्टा रात्री काढून ठेवायला सांगितलं.

सोबत एका कागदावर माझ्या उजव्या हाताची बाह्यरेषा गिरवून, तळवा वर आहे असं लिहून, दोन्ही कंडरा आणि ठिपका दाखवून पाठवत आहे. आपल्या चित्रकारांना द्यावा. डावा हात पाठवला असता तर एक कंडरा कमी भरली असती.